मनगटाची साक्ष

आमच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर एखाद्या परक्या माणसानं चाळलं तर त्याला वाटेल, हिंगोली जिल्ह्यातली निम्मी मुलं 1 जूनला जन्माला येतात. मराठवाड्यातल्या कुणाही शिक्षकाला याचं नवल वाटणार नाही. शाळा जूनमध्ये उघडते, आई मुलाला घेऊन येते, जन्माचा दाखला नसतो, आणि गुरुजी जून महिन्याची पहिली तारीख लिहून टाकतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा आहे. पण ऊसतोडीच्या फडावर कोपीत बाळंत झालेल्या बाईनं ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करावी, अशी तिची परिस्थिती कुठे असते? माझ्या वडिलांची जन्मतारीखही 1 जूनच आहे. ते त्याच तारखेला निवृत्तीचा हिशेब मांडायचे आणि स्वतःच हसायचे.

जून 2016 मध्ये एका मुलाच्या नावापुढे ही तारीख मी स्वतः लिहिली. वर्षाच्या जागी 2010. आई म्हणाली होती, "जिस साल कयाधू को पूर आया था, उस साल का है, सर." कयाधूला पूर काय एकदाच येतो? मुलगा अंगापिंडानं आठ वर्षांचा दिसत होता. दोन वर्षं तो आईबापांबरोबर उसाच्या फडावर होता, त्याला अलिफ-बे येत नव्हतं. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सांगतो की वयाचा पुरावा नाही म्हणून कुणाला प्रवेश नाकारू नये, आणि मूल वयाला साजेशा वर्गात बसवावं. पहिला भाग मी पाळला. दुसरा पाळला असता तर तो तिसरीच्या वर्गात मुका बसून राहिला असता. म्हणून सहा वर्षांचा लिहिला आणि पहिलीत बसवला. त्या दिवशी घरी जाताना मला पुण्य केल्यासारखं वाटलं होतं.

पुढच्याच वर्षी भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक झाला, 6 ते 28 ऑक्टोबर 2017. चोवीस देश, सहा शहरं, त्यांत आपली नवी मुंबई आणि मडगाव. त्याआधी 15 सप्टेंबरला राज्य सरकारनं एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम घेतला होता. आमच्याकडे कबड्डी आणि क्रिकेट यांच्यापलीकडे काही नव्हतं; तेव्हापासून मैदानावर तो मोठा चेंडू आला. भारत तिन्ही सामने हरला, पण कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं गोल केला आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव संघात होता, एवढं आमच्या मुलांना पुरलं.

त्या स्पर्धेचा नियम असा होता की खेळाडूचा जन्म 1 जानेवारी 2000 ला किंवा त्यानंतरचा हवा. आदल्या रात्री जन्मलेला बाहेर. मुलांच्या फुटबॉलमध्ये या एका ओळीवर सगळं उभं असतं आणि तिच्यावरच सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं. 1988 मध्ये मेक्सिकोनं जास्त वयाचे खेळाडू वीस वर्षांखालील संघातून उतरवल्याचं उघड झालं, तेव्हा त्या देशावर दोन वर्षांची बंदी आली. ज्यांचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता, त्या मोठ्यांच्या संघालाही 1990 चा विश्वचषक मुकावा लागला. नायजेरियावर 1989 मध्ये अशीच कारवाई झाली, 1991 ची युवकांची स्पर्धा तिथून पोर्तुगालला गेली. त्याच 1989 साली स्कॉटलंडमध्ये सौदी अरेबियाच्या सोळा वर्षांखालील मुलांनी अंतिम सामन्यात यजमानांना पेनल्टीवर हरवलं. मुलं थोराड दिसत होती. सिद्ध काहीच झालं नाही, पण संशय आजही त्या विजयाला चिकटलेला आहे. मिशी लवकर फुटणं हा काही गुन्हा नव्हे. पण डोळ्यांना न्यायाधीश केलं की असं होतं.

मग शास्त्र आलं. 2009 पासून फिफा या स्पर्धेत मनगटाचा एमआरआय करते. अंगठ्याच्या बाजूचं जे हाड मनगटापर्यंत येतं, त्याच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. वय वाढतं तशी ती हाडात मिसळते. ती पूर्ण मिसळलेली दिसली की मुलगा सतरा ओलांडलेला धरतात. क्ष-किरण नाहीत, शरीराला अपाय नाही. त्या वर्षी यजमान नायजेरियाला स्पर्धेआधीच अनेक खेळाडू घरी पाठवावे लागले. तरीही तो संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि स्वित्झर्लंडकडून एका गोलानं हरला. म्हणजे खऱ्या वयाची मुलंही तिथं होती, फक्त त्यांची जागा दुसऱ्या कुणी अडवून ठेवली होती.

कयामतच्या दिवशी माणसाचे हातपाय साक्ष देतील, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. त्या साक्षीत चूक होत नाही. एमआरआयच्या साक्षीत होते. अठरा-एकोणीसचा एखादा सहज सुटतो. आणि खरोखर सतराच्या आतला, पण हाडं लवकर पक्की झालेला मुलगा, शंभरात एकाहून कमी का होईना, अडकतो. 2017 मध्ये एका संघात एकवीस खेळाडू होते, चोवीस संघांचे मिळून पाचशे चार. तेवढ्या मुलांमागे अशी चार-पाच मुलं असू शकतात. देश आपल्या घरीच चाचणी करून घेतात, त्यामुळे अशी मुलं विमानात चढतच नाहीत, त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत. खरं बोलणारा, आणि स्वतःच्याच हाडानं खोटा ठरवलेला! 2025 पासून ही स्पर्धा कतारमध्ये दरवर्षी आणि अठ्ठेचाळीस देशांची झाली आहे. मुलं वाढली तशी अशी मुलंही वाढणार. चाचणी बंद करावी असं मी म्हणणार नाही. ती नव्हती तेव्हा नुकसान कितीतरी जास्त मुलांचं होत होतं. पण हिशेबात त्या चौघांना धरायला हवं, एवढंच.

आमच्या तालुक्यात एमआरआय नव्हता, मी होतो. 2023 च्या पावसाळ्यात चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धेचे अर्ज भरायचे होते. तो मुलगा आठवीत, कागदावर तेरा वर्षांचा, खरा पंधराचा असावा. आमचा सगळ्यात चांगला बचावपटू. मुख्याध्यापक म्हणाले, "रजिस्टर काय सांगतं? मग सही करा." त्यांचं चुकत नव्हतं. पण त्याच्या जागी जो बसून राहिला असता, तो खरोखर तेराचा, किडकिडीत मुलगा माझ्यासमोर बाकावर होता. आणि समोरच्या संघातली तेवढीच लहान पोरं याच्या अंगावर येऊन आदळणार होती. मेक्सिकोत खोटं बोलणारे निदान अधिकारी होते. इथं खोटं माझं होतं आणि ते मी बोललो तेव्हा मुलाला बोलताही धड येत नव्हतं.

मी त्याचं नाव काढलं. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो रडला नाही. म्हणाला, "तो मेरी असली उमर कितनी है, सर?" मी म्हटलं, अम्मीला विचार. तो म्हणाला, विचारलंय, ती पूर म्हणते.

त्याचं खेळणं मी माझ्या अंदाजावर थांबवलं. कागद माझ्या विरुद्ध होता, हाड कुणी पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात त्याच्या शिष्यवृत्तीचा अर्जही भरायचा होता. तिथं जन्मतारखेच्या रकान्यात मी 1 जून 2010 लिहिलं, पूर्वीच्याच अक्षरात, आणि खाली सही केली.