बंदराच्या पाठीमागचा मुलूख

बीडहून परळीकडे निघालं की तेलगावानंतर दिंद्रुड लागतं. माजलगाव तालुक्यातलं हे गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस, सोयाबीन, मधूनच ऊस. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. अशा ठिकाणाहून जपान-कोरियाच्या किनाऱ्यावरच्या बोटसहलींचा विचार करणं म्हणजे रिकामटेकडेपणा, असं कुणीही म्हणेल. पण या सहली ज्याला ‘किनारी संस्कृती’ म्हणून दाखवतात, तिचा मोठा हिस्सा दिंद्रुडसारख्या बिनसमुद्राच्या गावांनी उभा केलेला आहे, आणि नेमका तोच हिस्सा बोटीवरून दिसत नाही.

आधी या सहलींच्या बाजूने जे म्हणायला हवं ते म्हणू. शंभर-दोनशे प्रवाशांची छोटी बोट ही तीन-चार हजार माणसं वाहणाऱ्या तरंगत्या हॉटेलापेक्षा फार वेगळी गोष्ट आहे. तिला खोल पाण्याचा अवाढव्य धक्का लागत नाही. ती कोबेहून निघून सेतोच्या अंतर्गत समुद्रातल्या बेटांमधून वाट काढते, जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या गावांना लागते, सामुद्रधुनी ओलांडून बुसानला जाते. बंदरं बांधली गेली ती समुद्राकडून येणाऱ्यांसाठी. मोटारीने मागच्या दाराने शिरणाऱ्याला त्यांची रचना कळत नाही.

तोमोनोउरा हे याचं उत्तम उदाहरण. सेतो समुद्राच्या साधारण मध्यावरचं हे लहानसं बंदर. भरतीचं पाणी पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आत येतं आणि या भागात एकमेकांना भेटतं. त्यामुळे शिडाची जहाजं भरतीबरोबर इथवर यायची, थांबायची आणि ओहोटी लागली की पुढे निघायची. या थांबण्यावरच गाव जगलं. पाण्यात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्यांचा धक्का, १८५९ चा दगडी दीपस्तंभ, गोदामं, सगळं अजून जागेवर आहे. १६०७ ते १८११ या काळात कोरियाच्या राजदरबाराची बारा शिष्टमंडळं जपानला गेली, त्यांतली बहुतेक याच पाण्यातून. १७११ मध्ये आलेल्या कोरियन पाहुण्यांनी इथल्या मंदिरातून दिसणाऱ्या देखाव्याला जपानातला सर्वोत्तम देखावा ठरवलं, ही गोष्ट गावकरी आजही अभिमानाने सांगतात.

हे गाव असंच टिकलेलं नाही. बंदराचा एक भाग बुजवून त्यावरून पूल न्यायचा बेत १९८३ मध्ये पुढे आला. रहिवासी न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये हिरोशिमाच्या जिल्हा न्यायालयाने गावाचा देखावा हेच जपण्याजोगं हित मानून भराव रोखला आणि २०१२ मध्ये प्रशासनाने तो बेत सोडला. वारसा म्हणजे सरकारने लावलेली पाटी नव्हे. त्यासाठी भांडणारी माणसं गावात राहत असावी लागतात.

इथवर बोटीची बाजू भक्कम आहे. खरा प्रश्न पुढचा. तोमोनोउरासारख्या बंदरांत थांबलेल्या जहाजांत माल कोणता होता आणि तो कुणाच्या दारी जात होता?

अठराव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत ओसाका आणि होक्काइदो यांच्यामध्ये ‘कितामाएबुने’ नावाची व्यापारी गलबतं चालत. ती नुसती भाड्याने माल वाहत नसत. मालक बंदरोबंदरी स्वतः खरेदी-विक्री करत जाई. उत्तरेकडे तांदूळ, मीठ, दारू, सुती कापड आणि जुने कपडे जात. परतीच्या मालात कोंबू हे समुद्री शेवाळ असे आणि हेरिंग मासा असे. त्या माशाचा मोठा भाग माणसांच्या पोटात जात नसे. तो मोठ्या कढयांत उकडायचे, दाबून तेल काढायचे आणि उरलेला चोथा वाळवून खत म्हणून विकायचे. हे खत पडे ओसाकाच्या परिसरातल्या आणि सेतोकाठच्या कापसाच्या शेतांत. या गलबतांच्या जिवावर गबर झालेल्या व्यापाऱ्यांचे वाडे, त्यांनी देवळांना वाहिलेली जहाजांची चित्रं, यांना २०१७ मध्ये ‘जपानचा वारसा’ म्हणून मान्यता मिळाली. प्रवासी वाडे पाहतात, चित्रांपुढे उभे राहतात. ज्या कापसासाठी हा सगळा खटाटोप होता, तो बहुतेकांच्या कानावरही पडत नाही.

कापूस दिसत नाही, कारण तो उरलाच नाही. आणि तो का उरला नाही, या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की वाट मुंबईच्या गोदीत येते.

जपानमध्ये सूतगिरण्या उभ्या राहिल्या तसा त्यांना स्वस्त कापूस हवा झाला. मुंबईहून तो न्यायचा तर जहाजांचं भाडं युरोपीय कंपन्यांच्या हातात होतं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले. निप्पॉन युसेन काइशा ही जपानी कंपनी, तिथले गिरणीवाले आणि टाटा यांचं जमलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई-कोबे जहाजमार्ग सुरू झाला. त्यांतल्या पी अँड ओ कंपनीने भाडी पाडून झुंज दिली. त्या झुंजीत टाटांना लवकरच माघार घ्यावी लागली, पण निप्पॉन युसेन काइशा टिकली. १८९६ मध्ये जपान सरकारने कच्च्या कापसावरचं आयात शुल्क काढून टाकलं. मग परदेशी रुईच्या लोंढ्यापुढे जपानी शेतकऱ्याचा कापूस मोडीत निघाला. गलबतांना आगबोटी, रेल्वे आणि तारायंत्र यांनी संपवलं हे खरंच. पण ज्या शेतांना ती खत पुरवत होती, ती शेतंही त्याच सुमारास पीक बदलत होती.

मुंबईतून जाणारी रुई कुठली? बाजारात ‘उमरा’ या नावाखाली वऱ्हाड, खानदेश आणि निजामाच्या मुलखातला आखूड धाग्याचा गावरान कापूस विकला जाई. ‘बार्शी-नगर’ ही त्यातलीच एक प्रतवारी. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि बार्शी इंग्रजी हद्दीत, सीमेला लागून. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी सुरू झाली आणि निजामाच्या मुलखातून बैलगाड्यांनी येणाऱ्या मालाला कुर्डुवाडीमार्गे मुंबईची वाट मोकळी झाली. हा आखूड धागा अमेरिकन कापसात हिशेबाने मिसळून चालणारं सूत काढायचं तंत्र जपानी गिरण्यांनी बसवलं आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपान हे भारतीय कापसाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक झालं. दिंद्रुडच्या शेतातलं बोंड ओसाकाच्या चातीवर चढलं, असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. गाठीवर गावाचं नाव नसतं. प्रेस झालेल्या गाठीत पन्नास गावांची रुई एक होते. तिथेच या गावांचा इतिहासातला पत्ता पुसला जातो.

पण झळ पोचायला पत्ता लागत नाही. १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारने बिगरब्रिटिश सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. उत्तर म्हणून जपानी गिरणीमालकांनी भारतीय कापसावर बहिष्कार घातला. सिमल्यात महिनोन्महिने वाटाघाटी झाल्या आणि १९३४ मध्ये करार झाला तो सरळ देवाणघेवाणीचा: जपानने १० लाख गाठी उचलल्या तर त्याला ३२.५ कोटी वार कापड भारतात विकता येईल. १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. ज्यांच्या कापसावर हा सौदा ठरत होता, त्यांच्यापैकी किती जणांना कोबे कुठे आहे हे ठाऊक असेल? आज कोबेला उतरणाऱ्या सहलीत १९३५ ची मशीद पाहायला मिळते. तिच्या बांधकामाला भारतीय व्यापाऱ्यांनी मोठा हातभार लावला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीतून आणि १९९५ च्या भूकंपातूनही ती तगली. बंदरात व्यापाऱ्याची खूण राहते. शेतकऱ्याची राहत नाही.

समुद्राचा आणि आतल्या मुलखाचा संबंध दुसऱ्या टोकाने, ताटातूनही पकडता येतो. समुद्रापासून आत असलेल्या क्योतोचा नावाजलेला पदार्थ म्हणजे सुक्या हेरिंगचा तुकडा घातलेल्या सोबा शेवया. मासा तिथे यायचा तो याच गलबतांनी उतरवलेला. कोरियात आँदोंग हे डोंगराआडचं शहर खारवलेल्या बांगड्यासाठी प्रसिद्ध आहे. येओंगदोकच्या किनाऱ्यावरून मासे डोक्याखांद्यावर, बैलावर लादून निघत आणि आँदोंग जवळ आलं की नासायच्या आत त्यांना मीठ लावलं जाई. चव जन्मली ती अंतरामुळे. आणि मराठवाड्यातल्या आठवडी बाजारात गोणपाटावर मांडलेले सुके बोंबील आणि सुकटीचा ढीग दिसतो, तो याच कुळातला. ज्वारीच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी खाणाऱ्याला आपण किनारी संस्कृतीत सामील आहोत असं वाटत नसेल, पण वर्सोवा-हर्णैच्या वाळवणाचा हिशेब त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

हे नातं फार जुनं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात भडोचला माल पाठवणारी दख्खनमधली दोन शहरं सांगितली आहेत, पैठण आणि तगर. तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमली गाड्यांत घालून, रस्ता नसलेल्या मुलखातून खाली नेत, असं तो नोंदवतो. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, हे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं. पैठण ते तेर सरळ रेघ ओढली तर ती बीड शहराजवळून जाते. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी इतकं साम्य आहे की अभ्यासक दोघींचा विचार बरोबरच करतात. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाणाऱ्याला भूमध्य समुद्राची चाहूल लागते, आणि बाहेर पडल्यावर समोर तूर-सोयाबीनचं रान असतं.

तरीही महाराष्ट्रात सागरी वारसा म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो फक्त कोकणचा किनारा, आणि त्यातही फक्त तटबंदी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार दर्याचे. आता या चारांना जोडणाऱ्या बोटसहलीची कल्पना कुणालाही सुचेल, आणि सुचायलाच हवी. तोमोनोउरासारखेच हे किल्लेही पाण्यावरून पाहायचे आहेत.

या पाण्याला प्रवासी बोटी नव्या नाहीत. मुंबई-गोवा आगबोटी पिढ्यान्‌पिढ्या चाकरमान्यांना घेऊन हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करत जात. अनेक ठिकाणी धक्का नसे. बोट बाहेर नांगर टाकी आणि पडावातून माणसं, ट्रंका, कोंबड्या उतरत. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेहून अधिक माणसं गेली, तरी बोटी बंद झाल्या नाहीत. त्या थांबल्या ऐंशीच्या दशकात. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही क्रूझ मुंबई-गोवा सुरू झाली. संध्याकाळकडे निघून सकाळी गोव्यात, म्हणजे किनाऱ्याचा मोठा भाग अंधारातच मागे पडणार. तिची सोय झोपून जाण्याची होती. पाहायचं असेल तर दिवसा थांबावं लागतं, आणि मोठ्या बोटीला इथे थांबायला जागा कुठे आहे?

म्हणून छोटी बोट हवी, हे जपान-कोरियाकडून घ्यावं. पण तिथली उणीवही बरोबर उचलू नये. हर्णैला संध्याकाळी बोटी आल्या की बैलगाड्या बैलांच्या पोटापर्यंतच्या पाण्यात घुसतात, मासळीच्या पाट्या भरून बाहेर येतात आणि ओल्या वाळूवर लिलाव उभा राहतो. प्रवासी त्याचे फोटो काढून सुवर्णदुर्गाकडे वळतात. त्यांना पुढे सांगणारा कुणी हवा की या मासळीतली कुठली बर्फात जाते, कुठली वाळते, कुठली घाट चढते. दाभोळ पाहिलं तर कुंभार्ली घाटातून कराडला जाणारी वाट सांगावी. विजयदुर्गाला गेलं तर खाडीने आत खारेपाटणपर्यंत जावं, कारण माल तिथवर पाण्याने येई आणि मग घाटावरच्या बैलांच्या पाठीवर चढे. चौलला थांबलं तर अफनासी निकितिनची गोष्ट सांगावी: १४६९ च्या सुमारास हा रशियन व्यापारी विकायचा घोडा घेऊन तिथे उतरला, तोच घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला, तो मोठ्या मिनतवाऱ्यांनी सुटला आणि निकितिन पुढे बीदरपर्यंत गेला. त्याच्या लेखी चौल हे निव्वळ दार होतं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सहलीला येणारा माणूस सुटीवर आलेला असतो. त्याच्यापुढे कापसाचा भाव आणि जकातीचं राजकारण मांडायचं कशाला? पण अडचणीची गोष्ट टाळून वारसा दाखवता येत नाही, हे त्याच जपान-कोरियाच्या पाण्यात दिसतं. जपानच्या सादो बेटावरच्या सोन्याच्या खाणी २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. युद्धकाळात तिथे राबवलेल्या कोरियन मजुरांचा उल्लेख कसा करायचा यावरून दोन्ही देशांत ताण होता. त्याच नोव्हेंबरातल्या स्मरणकार्यक्रमाला दक्षिण कोरियाने जाणं टाळलं आणि दुसऱ्या दिवशी वेगळा कार्यक्रम केला. बुसानमध्ये २०१५ पासून सक्तीच्या मजुरीवरचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. एकाच सहलीत सादो आणि बुसान दोन्ही लागत असतील तर प्रवाशाला दोन्ही बाजू ऐकायला मिळतील. कार्यक्रमपत्रिकेत संग्रहालयाऐवजी मासळी बाजाराची चक्कर असेल, तर एकच ऐकायला मिळेल.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. जपान-कोरियाची छोटी बोट ही श्रीमंतांची चीज आहे आणि कोकणातली खासगी बोटही स्वस्त असणार नाही. तेव्हा सरकारी पैसा जिथे जेट्टीवर खर्च होणार आहे, तिथे प्रवासी कोण असेल हेही ठरवायला हवं. मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली एसटीने रायगड, मुरूड, गणपतीपुळ्याला जातातच. दिंद्रुडच्या मुलांनी पहिला मुक्काम तेरला करावा, संग्रहालय पाहावं, बार्शीत कापसाचा जुना बाजार कुठे होता ते विचारावं आणि मग घाट उतरून हर्णैच्या होडीत बसावं. सवलतीच्या तिकिटात होडीचं भाडंही धरलं, स्थानिक होडीवाल्यांना ते सरकारकडून वेळेवर मिळालं आणि जून-जुलैची मासेमारीबंदी व पावसाचे दिवस सोडून वेळापत्रक बसवलं, तर एवढ्या कामाला नव्या क्रूझ टर्मिनलची वाट पाहावी लागत नाही.