रंगाऱ्याचं सागवान

बेळगावच्या आमच्या जुन्या घराचे आतले दरवाजे सागवानी होते. म्हणजे दिसायला. लाकूड आंब्याचं, सागवान रंगाऱ्याच्या हातचं.

मी दहाएक वर्षांची असेन. रंगारीमामा आधी भेगांत लांबी भरत, पॉलिशपेपरनं घासत, मग फिकट पिवळसर ऑइलपेंटचे दोन हात देत. ते वाळले की खरी गंमत. जवसाच्या तेलात नि टर्पेंटाइनमध्ये कालवलेला तपकिरी रंग पातळ लावायचा आणि ओला आहे तोवर दातेरी रबराचा तुकडा वरून खाली ओढायचा. हात जरा हलवला की रेघ लाकडासारखी वळायची. गाठ काढायची ती बोटाला फडकं गुंडाळून. मग कोरड्या कुंचल्यानं हलकेच झटकलं की रेघा मऊ. उभ्या पट्टीवर रेघा उभ्या, आडवीवर आडव्या, सांध्यापाशी बरोब्बर तुटलेल्या. "खोटं करायला पण सुतारकाम ठाऊक लागतंय बाळ," ते म्हणायचे. शेवटी व्हार्निश.

आईला काळजी त्या कुंचल्याची. केस कुठल्या जनावराचे, डुकराचे तर नव्हेत? नकलेबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. आम्हा बायकांचं असंच असतं, चूल नि कुंचला आधी सोवळ्यात घेतो.

बाबा गेल्यावर घर विकायला काढलं. बघायला आलेल्या गृहस्थांनी दारावरून हात फिरवला नि विचारलं, "सागवान काय?" दादा म्हणाला, "जुनं काम आहे." ते खूश झाले. मी चहा घेऊन उभी होते, गप्प.

दादा खोटं बोलला नव्हता. जुनं काम होतंच की! पण रात्री झोप येईना. पाठशाळेत शिकलेलं आठवलं. तत्त्वार्थसूत्रात 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपवणं, हा अतिचार सत्याणुव्रताखाली नाही, अचौर्याणुव्रताखाली सांगितलाय. मला लहानपणी ते चुकून तिकडं गेलंय असं वाटायचं. त्या रात्री कळलं. तोंडानं काही न बोलतासुद्धा दुसऱ्याच्या खिशातलं काढून घेता येतं.

मग रंगारीमामा चोर? नाही बाई. इंग्लंडात जॉन रस्किननं 1849 साली असल्या रंगवलेल्या लाकडावर कडक टीका केली. पण इमारतीवरच्या सोन्याच्या मुलाम्याला मात्र त्यानं फसवणूक म्हटलं नाही, कारण त्याला कुणी भरीव सोनं समजतच नाही. दागिन्यावरचा मुलामा निराळा. हे मला पटतं. बाबांनी मजुरी मोजून नक्षी करून घेतली, काय आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दारं तीच, रेघा त्याच. गिऱ्हाइकानं हात फिरवला आणि आम्ही गप्प बसलो, तेव्हा त्यांची चोरी झाली. आणि त्या गप्प बसण्यात मीही होते.

सकाळी दादाला न विचारता मी त्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी दारांचे म्हणून पंधरा हजार कमी केले.

दादा चिडला. "व्रत तुझं आणि पैसे माझे होय गं?" मी माझ्या वाट्यातून देते म्हटलं, तर घेईना. वैनी मधे पडल्या, तरी त्या दिवाळीला तो भाऊबीजेला आला नाही. आणि त्याचं बोलणं मला आजही खोडून काढता येत नाही. त्याला आधी सांगितलं असतं तर त्यानं अडवलं असतं, म्हणून मी सांगितलं नाही. म्हणजे त्याच्यापासून मीही लपवलंच की.

घर अजून उभं आहे. मागच्या महिन्यात वाटेवरून जाताना आत डोकावले. नव्या मालकांनी दारं तशीच ठेवलीत, व्हार्निश मात्र ताजं मारलंय. दुपारच्या उन्हात मधल्या दारावरची ती बोटानं काढलेली गाठ चकाकत होती.