सोपं वचन, पातळ वचन नव्हे

आजचे मनन : योहान २१:१५-१७, नहेम्या ८:१-१२



पुनरुत्थित प्रभूने पेत्राला तीनदा प्रीतीबद्दल विचारलं आणि तीनदा आपला कळप त्याच्या हाती सोपवला. काम दिलं ते चारण्याचं. गर्दी जमव, असं प्रभू म्हणाला नाही. त्यांना खूश ठेव, असंही नाही.

मग मंडळीचं पोट भरलं, हे ओळखायचं कसं? रविवारी उपासना सुटली की आपण म्हणतो, "आज संदेश छान झाला." पण खरी परीक्षा मंगळवारी सकाळी घाटकोपरच्या पुलावर असते. मेट्रोतून उतरून लोकल पकडायची घाई, फोनवर ऑफिसचे मेसेज. त्या वेळी रविवारच्या वचनातलं काही हाताशी असतं का?

आपल्या पिढीची तक्रार असते की संदेशाची भाषा जड असते. तक्रार रास्त आहे. 'नीतिमान ठरणे' हे शब्द लहानपणापासून ऐकूनही अनेकांना त्याचा अर्थ सांगता येत नाही. पण यावर काही ठिकाणी उपाय निघतो तो असा, की अवघड शब्दाबरोबर अवघड विषयच वगळायचा. पाप नाही, पश्चात्ताप नाही, वधस्तंभ उचलणं नाही. उरतं एवढंच, की हे वर्ष तुझ्या आशीर्वादाचं आहे. बाकावर नोकरी गेलेला एखादा मुलगा बसलेला असतो. पुढच्या महिन्यात दार उघडेलच, असं त्याला देवाच्या नावाने सांगायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दार उघडलं नाही तर तो उपदेशकावर नाही, देवावर रुसेल. गोड बोलणं इथे प्रीती राहत नाही.

सोपं करणं म्हणजे काय, हे मला पंडिता रमाबाईंकडे पाहून कळतं. पुण्याच्या पुढे दौंडच्या वाटेवर केडगाव आहे. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना आणि विधवांना आसरा दिला. १८९७ मध्ये मध्य प्रांतातून, १९०० मध्ये गुजरातेतून. त्यांना आधी भाकरी दिली, मग अक्षरं. पण तेव्हाच्या मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा या बायांना कळेना. रमाबाई स्वतः संस्कृतच्या पंडिता. त्यांनी शास्त्र कापून लहान केलं नाही. त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, अनेक वर्षे बसून अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवलं. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

कष्ट कोणी घेतले, बघा. शिकलेल्या बाईने इब्री शिकण्याचे कष्ट घेतले, म्हणून न शिकलेल्या बाईला वाचता आलं. आम्ही इंजिनिअर लोक पैसे पाठवायचं बटण सोपं करतो, पण मागचा हिशेब ढिला सोडत नाही. उपदेशाचंही तसंच. भाषेचा अडथळा उपदेशकाने दूर करावा. वचनाचा भार मात्र आपल्या खांद्यावर येऊ द्यावा. शत्रूला क्षमा करणं सोप्या मराठीतही अवघडच राहणार, आणि राहायलाच हवं.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात हेच घडतं. नियमशास्त्र पहाटेपासून दुपारपर्यंत वाचलं गेलं, लेव्यांनी अर्थ उलगडून सांगितला. लोकांना कळलं, म्हणूनच ते रडले. मग त्यांना सांगितलं गेलं की आता जा, खा-प्या, आणि ज्याच्या घरी काही शिजलेलं नाही त्याला वाटा पाठवा. ज्याचं पोट भरतं, तो वाटतो.

ऐकणाऱ्याचीही जबाबदारी आहेच. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात दूध आणि जड अन्न यांतला फरक सांगितला आहे. दूध वाईट नाही. पण तिशीतही फक्त दूधच मागणं बरं नाही. या आठवड्यात एक करू या. रविवारच्या संदेशातली एक गोष्ट, विनोद नव्हे, उपासनेला न आलेल्या कोणाला तरी आपल्या शब्दांत सांगू या. सांगता आली, तर ती आपल्या अंगी लागली.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या पाळकांना अभ्यासाला वेळ आणि आमच्यावर प्रीती दे. आम्हांला आवडेल ते नव्हे, आम्हांला जगवील ते त्यांच्या मुखी घाल. आणि आम्हांला भूक दे. आमेन.