दहाव्याचा शब्द



दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेनासा झाला, की घरचा कर्ता पुत्र हात जोडून म्हणतो, "आईला अंतर देणार नाही. बहिणीचे माहेर तुटू देणार नाही." वडिलांबरोबर क्रियेच्या ठिकाणी जाताना हे शब्द मी अनेकदा ऐकले आहेत. परंतु दिलेला शब्द पुढे पाळला गेला की नाही, हे कोठे पाहावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे ते तलाठ्याच्या दप्तरातील वारसनोंदीत पाहावे.

शोकसमयी कागदपत्रांची चर्चा अमंगळ आहे, असे कोणी म्हणतील. धर्मशास्त्राला मात्र हा विषय कधीच त्याज्य वाटला नाही. याज्ञवल्क्यस्मृतीने पुत्रहीन पुरुषाच्या वारसांत पत्नीला प्रथम व कन्येला तिच्यानंतर स्थान दिले. तिच्यावरील 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वरांनी कर्नाटकातीलच कल्याण येथे, चालुक्य विक्रमादित्याच्या राजवटीत रचली. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या हिश्शात विधवा, माता, पुत्र व कन्या यांना समान वाटा दिला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत कन्येला पुत्राप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. त्या दिवशी पिता हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

आता कर्तव्यांचा क्रम पाहू. मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. घरी मृत्यू झाल्यास कुटुंबप्रमुखाने ती महानगरपालिकेत द्यावी. वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. वारसाने आलेल्या शेतजमिनीची वर्दी तीन महिन्यांत द्यावी. कर्नाटकात व महाराष्ट्रात मुदत हीच आहे. मात्र काही जमीन चंदगड तालुक्यात असल्यास तेथे निराळा अर्ज करावा लागतो. वंशावळीत सासरी गेलेल्या मुलींसह प्रत्येक वारसाचे नाव घालावे. आपल्याकडील उतारा कानडीत असतो. ज्यांना ती लिपी येत नाही त्यांनी तो जाणत्याकडून वाचून घ्यावा. बँकेत ज्याचे नाव वारस म्हणून लावलेले असते, तो ठेवीचा मालक होत नाही. सर्व वारसांच्या वतीने ती रक्कम तो स्वीकारतो. मृताच्या नावाची सही करून अथवा त्याच्या कार्डाने पैसे काढणे तर सर्वथा अनुचित होय.

एक गोष्ट विशेष कळकळीने सांगावीशी वाटते. सुतकात बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवू नये. पित्याच्या वियोगाने व्याकूळ झालेली लेक कशावरही सही करील. माहेर तुटण्याच्या भयाने तर अधिकच सत्वर करील. तिला खरोखरच हक्क सोडावयाचा असेल तर काही महिने जाऊ द्यावेत, कागद तिला वाचून दाखवावा व मग रीतसर नोंदवावा. मागून घेतलेले दान हे दान नव्हे. तसेच आईचे नाव गाळले गेले, तर जिने ते घर उभे केले तीच तेथे आश्रित ठरते. मग दहाव्याच्या शब्दाला काय अर्थ उरला?

म्हणून येत्या पितृपक्षात पान वाढण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपला उतारा काढून पाहावा. त्यात आईचे अथवा बहिणीचे नाव नसेल, तर ते लावून घेण्यास आरंभ करावा. पितृऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे. श्रीकृपेने आपणां सर्वांस तशी बुद्धी होवो.

॥ शुभं भवतु ॥