नांव कोणाचें राहावें?

नेकनूरच्या बंधुभगिनींनो, कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या कांठीं श्रीरामपूर हें नगर आहे. बाप्तिस्त मिशनचें जुनें उपासनामंदिर, कॅरीसाहेबांची कबर आणि १८१८ सालीं स्थापिलेलें कॉलेज पाहण्यास दूरदूरचे लोक तेथें जातात. तें गांव आपणांस परकें वाटेल. परंतु मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत १८०५ सालीं तेथेंच छापलें गेलें. त्याच वर्षीं कॅरीसाहेबांचें मराठी व्याकरणहि निघालें. या कामीं त्यांस वैजनाथ पंडितांचें साह्य होतें. (हें नांव परळीच्या शेजाऱ्यांस नवें नाहीं.) कॅरीसाहेबांची कबर सर्व विचारतात, वैजनाथांस कोण विचारतो?

कोणी म्हणेल, पंडितांस वेतन मिळालें, हिशेब फिटला. आम्हांस हें पटत नाहीं. वेतनानें दिवस विकत मिळतो, योग्य शब्द सुचणें विकत मिळत नाहीं. मात्र श्रेय वांटावयाचें तर दोषहि वांटून घ्यावा लागेल. कारण मुंबईच्या अमेरिकन मिशनरींस नवा करार नव्यानें भाषांतरित करावा लागला व तो १८२६ सालीं निघाला.

एका खेड्यांतील उपासनामंदिराच्या पाटीवर देणगीदारांचीं नांवें आम्हीं वाचलीं. भिंती रचणारा गवंडी कोण, असें तेथील एका वृद्ध बंधूंस विचारलें. त्यांस आठवेना.