लंगोटांचा हिशेब

मराठी घरात वाद जिंकण्याचे अनेक प्रकार आहेत. आवाज चढवणं हा त्यातला अगदीच बाळबोध. त्याच्या वरची पायरी म्हणजे भांडी आपटणं, आणि त्याहून वरची म्हणजे 'मला भूक नाही' असं सांगून देवघराकडे तोंड करून बसणं. पण या सगळ्यांच्या वर एक ब्रह्मास्त्र आहे. मुलगा वेगळं बिऱ्हाड करायचं म्हणतो, मुलगी परस्पर लग्न ठरवते, नाहीतर मिशा पिकू लागलेले चिरंजीव 'आई, तुला त्यातलं काही कळत नाही' असं बोलून जातात, आणि मग ते अस्त्र सुटतं.

"मला शिकवतोस? अरे, तुझे लंगोट धुतलेत मी!"

या एका वाक्यापुढे भलेभले गारद होतात. समोरचा जिल्हाधिकारी असो, हृदयरोगतज्ज्ञ असो, नाहीतर विद्यापीठाचा कुलगुरू असो, लंगोटाचा उल्लेख झाला की त्याच्या साऱ्या पदव्या गळून पडतात आणि चारचौघांत तो क्षणभर तरी नुसत्या लंगोटावर उभा राहतो. बरं, उलटतपासणीची सोय नाही. 'नाही धुतलेस' म्हणावं, तर पुरावा कुठला? घटनेच्या वेळी आरोपी शुद्धीवर असला तरी त्याला आठवत काही नाही, आणि हयात साक्षीदार म्हणजे आत्या नाहीतर मावशी. त्या फिर्यादीच्याच बाजूच्या.

हे अस्त्र मी आजवर निमूटपणे मानत आलो. पण गेले तीन आठवडे एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. लंगोट धुतल्यानं खरोखरच कर्ज निर्माण होतं का? आणि होत असेल, तर ते फेडायचं कुणी, कुणाला, आणि किती हप्त्यांत?

निमित्त असं की, मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि नात आज २३ दिवसांची आहे. मी ३६ वर्षं बँकेत काढली. नावे-जमा दिसल्याशिवाय मला कुठल्याही व्यवहाराची खात्री पटत नाही. तेव्हा मी पेन्सिल घेऊन बसलो. दूध पाजणं दिवसातून ८ ते १२ वेळा. लंगोट, आमच्या आईच्या आग्रहामुळे दिवसा सुती, दिवसाला सरासरी १२. सव्वा महिना म्हणजे ४० दिवस धरले, तर झाले ४८०. शिवाय दुपटी, झबली, टोपडी आणि आजोबांचे शर्ट. तान्हं मूल १६ तास झोपतं असं ऐकून पहिल्या दिवशी मला तिचा हेवा वाटला होता. पण ही झोप घाऊक मिळत नाही हो! वाण्याकडच्या पुड्यांसारखी सुटी सुटी मिळते, आणि एखादी पुडी तर आपण अंथरुणावर पाठ टेकेपर्यंतच संपते.

आता जमेची बाजू. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत मुलाचं वजन चक्क घटतं आणि १०-१४ दिवसांनी पुन्हा मूळ आकड्यावर येतं. म्हणजे सारं घर दोन आठवडे अहोरात्र खपलं, तेव्हा कुठे ताळेबंद होता तिथे आला! आमच्या शाखेत असं कुणी केलं असतं, तर त्याची बदली झाली असती.

पावती म्हणावी, तर तीही नाही. या वयात मुलाला जेमतेम वीत-दीड वीत अंतरावरचं दिसतं. मांडीवर पाजायला घेतलं की आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. निसर्गानं आईची सोय केली आहे. आजोबांचा विचार केलेला दिसत नाही. मी कितीही आकर्षक तोंडं केली, तरी माझ्या नातीच्या लेखी मी हवेचा एक दाट पट्टा आहे. परवा ती झोपेत हसली. मी हरखून हाका मारल्या, तर आई आतून म्हणाली, "तुला नाही रे हसली. सटवाई हसवते त्यांना." डॉक्टरीणबाईंचं मत वेगळ्या शब्दांत, पण तेच. माणसाकडे बघून हसणं सुरू होतं साधारण सहा आठवड्यांनी. तोवरची सेवा विनापावती.

मग म्हटलं, कायदा काय म्हणतो ते बघावं. १८७२ चा करार कायदा आपल्याकडे अजून चालू आहे. त्यात अज्ञानाशी करार होत नाही, हे बँकेत पहिल्या वर्षीच शिकवतात. पण त्याच कायद्याचं ६८ वं कलम मोठं गमतीचं आहे. करार करायला असमर्थ असलेल्या व्यक्तीला कुणी जीवनावश्यक वस्तू पुरवल्या, तर त्याला त्यांची भरपाई त्या व्यक्तीच्या मालमत्तेतून मिळू शकते. मी लगेच नातीच्या मालमत्तेची मोजदाद केली. चांदीचे वाळे एक जोड, खुळखुळे तीन (पैकी एक वाजत नाही), आणि बारशाला आलेली झबली एकोणीस, त्यातली चौदा पुढच्या वर्षीच्या मापाची. वसुलीला जाण्यात अर्थ नव्हता.

कायद्यानं हात टेकले की माणूस तत्त्वज्ञानाकडे वळतो. पण तिथे एक विलक्षण गोष्ट आढळते. माणसानं माणसाशी कसं वागावं हे जगाला ज्यांनी समजावून सांगितलं, त्यांतल्या कितीतरी जणांनी लग्नच केलं नाही. हॉब्ज, लॉक, ह्यूम, स्पिनोझा, शोपेनहौअर, सगळे ब्रह्मचारी. आपले समर्थ तर, असं सांगतात, 'सावधान' ऐकून मांडवातूनच निघाले. कांट म्हणतो, आवडीपोटी केलेल्या कामाला नैतिक मोल नाही, कर्तव्य म्हणून केलं तरच ते खरं. पहाटे तीन वाजता हे मला तंतोतंत पटतं. त्या वेळी आवडीचा लवलेश नसतो, असतं ते निव्वळ कर्तव्य. पण कांटला हे कळलं कसं, याचं नवल वाटतं. तोही अविवाहित. त्याला उठवायला पहाटे पाचला नोकर येई, म्हणजे पाचपर्यंत तो निवांत झोपलेला असे. आणि रूसो? त्यानं १७६२ साली मुलं कशी वाढवावीत यावर 'एमिल' नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला, आयांनी मुलांना स्वतःच पाजावं असं बजावलं, आणि स्वतःची पाच मुलं मात्र एकामागून एक अनाथालयात नेऊन घातली. हे त्यानंच आत्मचरित्रात कबूल केलं आहे. ग्रंथ लिहायला शांतता लागते, हे खरं आहे.

त्यापेक्षा आपले पूर्वज हिशेबाला चोख. तैत्तिरीय संहितेत म्हटलंय की माणूस जन्मतोच तो तीन ऋणं घेऊन. ऋषींचं ऋण फिटतं अध्ययनानं, देवांचं यज्ञानं आणि पितरांचं प्रजेनं. या शेवटच्या कलमाकडे बँकेच्या नजरेनं बघा. कर्ज घेतलं आईबापांकडून, फेडायचं कुणाला? तर मुलांना! अशी परतफेड मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. हप्ता मागच्या खिडकीवर भरायचाच नाही, पुढच्या खिडकीवर भरायचा. म्हणजे माझ्या आईनं माझे लंगोट धुतले तेव्हा ती तिच्या आईचं देणं चुकवत होती, आणि आज माझी मुलगी पहाटे उठते तेव्हा ती तिच्या आईचं देणं चुकवते आहे. घेणेकरी कुणीच नाही. सगळे देणेकरी, आणि रांग पुढेच सरकते आहे.

हा शोध मला इतका आवडला की, चहाच्या वेळी मी तो सर्वांना ऐकवला. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, मग आजीचं काय? तिनं एकदा मुलीचं केलं, आता नातीचं करते. दोनदा भरलेला हप्ता कुठल्या खिडकीवर परत मिळतो?" यावर बँकेच्या नियमात तरतूद नव्हती. मुलगी म्हणाली, "बाबा, मला तर रात्री डायपर बरे पडतात. मग माझं काय होणार?" हा मुद्दा मात्र खरोखर गंभीर आहे. तीस वर्षांनी ही नात उलटून बोलेल तेव्हा आई काय म्हणेल? 'तुझे डायपर फेकलेत मी'? छे! वाक्यात दमच नाही. एक ब्रह्मास्त्र आपल्या डोळ्यांदेखत गंजून चाललं आहे.

पण माझ्या सिद्धांताला खरी अडचण निघाली ती पलीकडच्या खोलीत. तिथे माझी आई असते. वय ८८. दोन वर्षांपूर्वी पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून रात्री उठायचं तर हात द्यावा लागतो. देणं पुढेच फेडायचं म्हटलं, तर तिचं कुणी बघायचं? सरकारलाही ही अडचण दिसली असावी. २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या आईवडिलांना सांभाळणं मुलांवर बंधनकारक झालं. त्यात दत्तक घेणारे आईबाप आले, सावत्रही आले. लंगोट कुणी धुतले हे विचारलेलं नाही. पण तो कायदा पैशाची सोय करतो. रात्री हात कुणी द्यायचा, हे कायद्याच्या पुस्तकात बसत नाही.

घरात सध्या रात्री दोन जीवांना उठवावं लागतं, एक २३ दिवसांचा आणि एक ८८ वर्षांचा. गरज तीच, वेळही पुष्कळदा तीच. पण फरक बघा. नातीला काही हवं असलं की ती अख्खी इमारत उठवते. 'तुम्हाला त्रास होत नसेल तर' अशी प्रस्तावना करत नाही. झाल्यावर आभार मानत नाही, ओशाळत नाही. आणि आई? ती हाकच मारत नाही. पहाटेपर्यंत कळ काढते. परवा कॉट करकरल्याचं ऐकून मी गेलो, तर ती अंधारात एकटीच उठून बसायची धडपड करत होती.

"आई, हाक का नाही मारलीस?"

"तुझी झोपमोड कशाला? आधीच त्या पोरीपायी जागता सगळे."

"म्हणून पडायचं होतं का पुन्हा?"

"नको रे. या वयात कुणाचे उपकार घ्यायचे म्हणजे..."

आयुष्यभर जे अस्त्र माझ्यावर चाललं, ते मी त्या रात्री पहिल्यांदा तिच्या बाजूनं उचललं. म्हटलं, "उपकार कसले? अगं, माझे लंगोट धुतलेस ना तू?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग माझ्या खांद्यावर भार टाकत म्हणाली, "ते काय मोजून धुतले होते होय रे?"

झालं! पेन्सिल घेऊन काढलेला सारा हिशेब पार निकालात निघाला. साठ वर्षं ज्या कर्जाची आठवण करून दिली गेली, त्याची वही घेणेकऱ्यानं ठेवलेलीच नव्हती. मग ते वाक्य होतं तरी काय? मला वाटतं, ती मागणी नव्हतीच. 'तू आज कुणीही असलास तरी तुला मानसुद्धा धरता येत नव्हती तेव्हापासून मी तुला ओळखते,' एवढंच तिला म्हणायचं असावं. आम्ही मुलांनी त्याचं बिल करून टाकलं. आणि गंमत अशी की, त्या बिलाचा जाच शेवटी तिलाच. ज्या घरात सेवेला उपकार म्हणतात, त्या घरात म्हातारपणी हाक मारायची लाज वाटते. तान्ह्या मुलाच्या कानावर हा शब्द अजून पडलेला नसतो, म्हणून ते इतकं मोकळेपणानं रडतं. हे ज्ञान माणसाला जन्मतः असतं आणि पुढे आपण संस्कार करून ते घालवतो.

तेव्हा कर्ज, हप्ता, ऋण ही भाषा मी बँकेतच ठेवून यावी हे बरं. माणूस आयुष्याच्या दोन्ही टोकांना दुसऱ्याच्या हातांवर असतो. मधली काही वर्षं त्याचे हात रिकामे असतात आणि तेवढ्यात तो स्वतःला स्वावलंबी म्हणवून घेतो. त्या काळात कुणी हाक मारली, तर ती कोणाच्या खात्यावर टाकायची याचा विचार करू नये. माझ्या नीतिशास्त्रात सध्या एकच सूत्र उरलं आहे. ज्याला आधी जाग येईल, त्यानं उठावं.

सूत्र सोपं आहे. त्यात पळवाट एकच, आणि पुरुषवर्गाला ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गाढ झोपेच्या बाबतीत आम्हा लोकांनी जी प्रगती केली आहे, तिच्यापुढे कांटसुद्धा निरुत्तर होईल. पण तान्ह्या मुलाचा आवाज पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत चढतच जातो, असं डॉक्टरीणबाई सांगतात. निसर्गानं याही पळवाटेचा विचार केलेला दिसतो.