संग आणि निःसंग

संस्कृत भाषेत काही शब्द असे आहेत की, त्यांच्या पोटात दोन परस्परविरोधी अर्थ शतकानुशतके निमूटपणे नांदत असतात, आणि ते एकत्र का नांदतात हा प्रश्न आपण त्यांना कधी विचारीत नाही. ‘संग’ हा असाच एक शब्द. संग म्हणजे सोबत, सहवास. आणि संग म्हणजेच आसक्ती, चिकटून राहणे. विषयांचे चिंतन करणाऱ्या पुरुषाचा जो क्रमाक्रमाने होणारा अधःपात गीतेच्या दुसऱ्या अध्यायात वर्णिला आहे, त्याचा आरंभ संगापासून होतो. आणि आमच्या संतांनी सामान्य मनुष्याच्या उद्धाराचा जो सर्वांत सुलभ मार्ग सांगितला, तोही सज्जनांचा संग हाच. जो शब्द एके ठिकाणी बुडवितो तोच दुसऱ्या ठिकाणी तारतो. या कोड्याचा मी प्रथम मनापासून विचार केला तो उत्तर इंग्लंडमधील एका लहानशा गावच्या मद्यालयात, पुढ्यात आल्याच्या सरबताचा पेला ठेवून. माझ्या माळकरी आजोबांच्या कानी ही गोष्ट गेली असती, तर त्या पेल्यात सरबतच होते यावर त्यांचा विश्वास बसला असता की नाही, याची मला आजही शंका वाटते.

मद्यालय हा शब्द मी नाइलाजाने वापरला, कारण इंग्रज ज्याला पब म्हणतो त्याला मराठीत नेमका शब्द नाही. पब हे ‘पब्लिक हाउस’ या नावाचे लघुरूप. म्हणजे लोकांसाठी उघडे ठेवलेले घर. आपल्याकडचा रूढ शब्द गुत्ता. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, इजारा. अबकारीच्या उत्पन्नाचा ठेका ज्याने घेतला त्याची ती जागा. नावे निष्कारण पडत नाहीत. एका नावात घराची आणि यजमानाची आठवण आहे, तर दुसऱ्यात केवळ सरकारी वसुलीची. लिलावात चढी बोली बोलून ज्याने मक्ता पदरात पाडून घेतला, त्याचे गिऱ्हाइकाने किती प्यावे याविषयी एकच मत असणार, आणि ते मत त्या गिऱ्हाइकाच्या बायकोच्या मताशी कधीही जुळणारे नसणार, हे सांगावयास शास्त्राधार नको. आपल्या मनात मद्यपानाच्या जागेविषयी जी शिसारी आहे, तिचे मूळ धर्मशास्त्रातील निषेधात आहे तसेच या मक्त्याच्या व्यवहारातही आहे.

उलटपक्षी, इंग्रजांच्या मनात या स्थानाविषयी केवढे ममत्व असते ते पाहावयाचे असेल, तर जॉर्ज ऑर्वेलने फेब्रुवारी 1946 मध्ये लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ पत्रात लिहिलेला छोटासा निबंध पाहावा. आपल्या आवडत्या पबचे त्याने त्यात वर्णन केले आहे. वाढणाऱ्या बायका गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखतात. रेडिओ नाही, पियानो नाही, त्यामुळे बोललेले ऐकू येते. मागे बाग आहे, तीत मुले खेळतात, म्हणून आईला घरी डांबून बापाने एकट्याने यावे असे होत नाही. आदर्श पबच्या दहा लक्षणांपैकी मद्याशी थेट संबंध असलेली लक्षणे फार थोडी. आपण बिअरचे नाव प्रथम घेऊ अशी वाचकाची अपेक्षा असेल, परंतु आपल्याला सर्वांत प्रिय आहे ते तेथील वातावरण, असे तो स्वतःच सांगतो. आणि निबंधाच्या शेवटी तो कबूल करतो की, असा पब अस्तित्वातच नाही. दहांपैकी आठ गुण असलेला एक त्याला ठाऊक आहे इतकेच. मोक्षाचे वर्णन करणारे आमचे तत्त्वज्ञ तरी याहून निराळे काय करतात?

परंतु येथे एक पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो दुर्बळ नाही. 1832 च्या सप्टेंबर महिन्यात लँकेशायरमधील प्रेस्टन गावी जोसेफ लिव्हसी नामक चीजच्या व्यापाऱ्याने आणखी सहा जणांसह संपूर्ण मद्यत्यागाच्या प्रतिज्ञेवर सही केली, आणि त्यातून पुढे त्या देशभर पसरलेली चळवळ उभी राहिली. त्याच्या पंथाचा मनुष्य आपल्याला विचारील की, ज्या पबमध्ये घाण आहे, शिवीगाळ आहे, भिंतीला टेकून पडलेली माणसे आहेत, तो अधिक घातक, की जेथे शेकोटी आहे, स्नेह आहे आणि मुलांसाठी बाग आहे, तो? पहिल्याचा दर्शनी भागच मनुष्याला परतवून लावतो. दुसरा मात्र त्याला हाताला धरून आत नेतो. विषाला गुळाचे पुट चढवावे तशी तेथे आसक्तीला मैत्रीचे पुट चढलेले असते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेऊ शकत नाही, कारण संग या शब्दाच्या दोन अर्थांमधला धागा कोणता, हे त्याने अचूक हेरले आहे. सोबतीची गोडी लागते, मग त्या गोडीखातर जागा सुटत नाही, आणि अखेरीस सोबत निघून गेली तरी जागा आणि पेला तेवढे उरतात.

या संक्रमणाचे दर्शन घ्यावयाचे असेल तर पबमधील ‘राउंड’ची चाल पाहावी. चौघे मित्र एकत्र बसले की प्रत्येकाने पाळीपाळीने सर्वांसाठी पेले आणावयाचे, असा तेथील अलिखित दंडक. वरवर पाहता याहून उदार रीत कोणती? पण चौघांच्या चार पाळ्या म्हणजे प्रत्येकाला चार पेले; ज्याला एकच हवा होता तोही दुसऱ्याचे ऋण डोक्यावर ठेवून उठू शकत नाही, आणि फेडून उठावे तर आणखी दोन मित्र त्याचे ऋणी होतात. औदार्य दोरी वळीत राहते. महायुद्धाच्या धामधुमीत, 1915 साली, ब्रिटिश सरकारने दुसऱ्याच्या पेल्याचे पैसे भरणे हाच गुन्हा ठरविला होता. स्नेहाला दंड करणारा हा हुकूम हास्यास्पद वाटतो. परंतु तो काढणाऱ्या अंमलदारांना मनुष्यस्वभावाचे ज्ञान नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही.

त्याच सरकारने पुढच्या वर्षी याहूनही विलक्षण असा एक प्रयोग केला. स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना येथे दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला होता, आणि तेथील हजारो कामगारांच्या मद्यपानाने जवळच्या कार्लाइल शहरात हाहाकार उडाला होता. तेव्हा 1916 साली सरकारने त्या भागातील दारूभट्ट्या आणि पब स्वतःच विकत घेतले, त्यांतील कित्येक बंद केले, आणि उरलेल्यांवर पगारी व्यवस्थापक नेमले. या व्यवस्थापकांना बिअर किती खपली यावर कपर्दिकही जादा मिळत नसे. वरकड मिळकत होई ती खाद्यपदार्थ आणि मद्यविरहित पेये यांच्या विक्रीवर. याला त्यांनी ‘निःस्वार्थ व्यवस्थापन’ अशा अर्थाचे नाव दिले होते. इंग्लंडातील पुष्कळसे पब एखाद्या दारूभट्टीला बांधलेले असतात, तिचाच माल विकण्यास बांधील. अशांना तेथे बद्ध घर म्हणतात आणि उरलेल्यांना मुक्त घर. आमच्या वेदान्त्यांना ही परिभाषा ऐकून कौतुक वाटेल. पण खरा मुक्त यजमान कार्लाइलचाच म्हणावयास हवा, कारण तो पेला भरण्याचे कर्म करी आणि त्या कर्माच्या फळावर त्याचा अधिकार नसे. ही व्यवस्था अर्धशतकाहून अधिक काळ चालली. 1973 पर्यंत सरकारने ती घरे विकून टाकली.

मी ज्या पबमध्ये सरबत घेऊन बसलो होतो, तेथील यजमान पगारी नव्हता. रात्री दहाच्या सुमारास एक वृद्ध सुतार आपला रिकामा पेला घेऊन पुढे आला. यजमानाने तो पेला घेतला, धुतला, फडताळात उपडा ठेवला आणि म्हणाला, “उद्या.” म्हातारा पुटपुटला, त्याने टोपी उचलली आणि तो गेला. आपल्याला बाहेर काढले असे त्याला वाटले नाही. कारण ‘उद्या’ या एका शब्दात नकार होता तसे आमंत्रणही होते. झिंगलेल्या गिऱ्हाइकास आणखी मद्य विकणे हा इंग्लंडात कायद्याने गुन्हा आहे. पण तो सुतार काही झिंगलेला नव्हता. कायद्याची हद्द यावयाच्या आधीच यजमानाचा हात थांबला होता. थोड्या वेळाने त्याने घंटा वाजविली, शेवटचे पेले मागवून घ्या असे सांगितले, आणि पुन्हा घंटा होताच सगळे उठले. मला आमच्या गावच्या देवळातील शेजारतीची आठवण झाली. देव निजला की भक्तानेही घरी जावे. जे स्थान आपला शेवट आपणच जाहीर करते, ते मनुष्याला धरून ठेवीत नाही.

तेव्हा माझ्यापुरता निवाडा असा झाला की, जाण्याजोगी जागा आणि टाळण्याजोगी जागा यांतील भेद पेल्यात काय आहे यावरून ठरत नाही, शेकोटी आणि बाग यांवरूनही ठरत नाही. जी जागा सोबत देते आणि वेळ झाली की सोडते, तिचा संग निःसंगाला विरोधी नाही. जी सोडीत नाही, ती मठ असली तरी टाळावी. मात्र या निवाड्याला एक पुरवणी जोडणे मला भाग आहे. जागेने सोडले की नाही, याची साक्ष आत बसलेल्याने देऊन भागत नाही, कारण दोरी गळ्यात असलेल्याला ती पुष्कळदा हारासारखी वाटते. ही साक्ष घरी जो वाट पाहत असतो त्याची घ्यावयास हवी. आपल्या महाराष्ट्रात दारूचे दुकान राहावे की जावे, याचा कौल गावच्या बायकांकडून घेण्याची तरतूद आहे; मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते आणि एक आडवी, आणि अर्ध्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीला कौल दिला की दुकानाला कुलूप पडते. त्या मतदानात आत बसणाऱ्यांना मत नसते.